क्रँक पुली पुन्हा पुन्हा सैल होते? डिझेल इंजिनात या चुका टाळा

टायमिंग कव्हर उतरवलं आणि क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावर बसून बेल्ट फिरवणाऱ्या चाकाच्या) मागे विटकरी रंगाची भुकटी दिसली, की मी ती बोटावर घेऊन चोळून बघतो. रस्त्यावरची धूळ खरखरीत लागते. ही भुकटी पिठासारखी मऊ असते, बोटाच्या रेषांत भरते आणि साबणानेही लवकर जात नाही. ते झिजलेलं लोखंड असतं. पुली आणि क्रँकशाफ्टचं टोक एकमेकांवर केसाएवढं घासत राहतं, सुटलेल्या कणांना गंज चढतो आणि तोच गंज पॉलिश पेपरसारखा दोघांना आणखी खात जातो. गाडी तोपर्यंत चालत असते. मालकाची तक्रार एवढीच असते, की ‘पुढून जरा टकटक येते, रेस दिली की जाते.’

ही झीज दुरुस्त करता येते. अवघड असतं ते केलेली दुरुस्ती टिकणं. सुरुवातीच्या काळात मी एका गाडीच्या क्रँकवरची कापलेली चावी (क्रँक आणि पुली यांच्या खाचांत बसणारा लोखंडी तुकडा) काढून नवी बसवली, जुनाच बोल्ट अंगातला सगळा जोर लावून आवळला आणि गाडी दिली. दोन महिन्यांनी ती परत आली. नवी चावी अर्धी कापलेली होती आणि क्रँकवरची खाच आधीपेक्षा रुंद झाली होती. चावी चांगल्या प्रतीची होती. पण मी तिच्यावर जे काम टाकलं होतं, ते तिचं नव्हतंच.

चावी पुलीला धरून ठेवते, हा गैरसमज

इथून पुढच्या जवळपास सगळ्या चुका या एका समजुतीतून येतात, म्हणून आधी ती नीट पाहू.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन सिलिंडर पेटतात. ८०० आरपीएमच्या (मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या) आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, मिनिटाला १,६०० धक्के, तासाला ९६,०००. प्रत्येक धक्क्याला क्रँक पुढे उसळतो आणि पुढच्या कॉम्प्रेशनला मंदावतो. डिझेलचं कॉम्प्रेशन साधारण १६ ते २२ पट असल्यामुळे ही उसळी पेट्रोल इंजिनापेक्षा जोरदार असते. पुली हे जड चाक. तिला एकाच वेगाने फिरत राहायचं असतं. त्यामुळे क्रँक तिला एका क्षणी पुढे ढकलतो आणि दुसऱ्या क्षणी मागे खेचतो. बेल्टवरचा आल्टरनेटर आणि एसीचा भार या उलटसुलट हिसक्यांपुढे किरकोळ आहे. आयडलला टकटक जास्त आणि रेस दिल्यावर कमी का, याचं उत्तरही इथेच आहे: हळू फिरताना दोन धक्क्यांमध्ये क्रँकचा वेग जास्त वर-खाली होतो.

हे हिसके पेलतो तो बोल्टचा दाब. १४ मिलिमीटरचा, १०.९ ग्रेडचा बोल्ट व्यवस्थित आवळला तर तो पुली, स्प्रॉकेट (टायमिंग बेल्ट फिरवणारं दातेरी चाक) आणि क्रँकचा खांदा (स्प्रॉकेट जिथे टेकतं ते सपाट कडं) यांना सात-आठ टनांनी एकमेकांवर दाबून धरतो. एवढ्या दाबाखाली ते तिन्ही भाग एकच लोखंड असल्यासारखे वागतात. अर्धचंद्राकृती चावी असते ती टायमिंग (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ) जुळवण्यासाठी, म्हणजे स्प्रॉकेट एकाच जागी बसावं म्हणून. कितीतरी इंजिनांत तर चावीच नसते, स्प्रॉकेट नुसत्या दाबावर उभं असतं.

म्हणून कापलेली चावी किंवा रुंदावलेली खाच दिसली, की ‘चावी का तुटली’ असं विचारू नका. ‘दाब कधी आणि कशाने गेला’ असं विचारा. चावीवर हिसके यायला लागले याचाच अर्थ दाब आधीच गेलेला होता.

आवाज पुलीचाच आहे का, हे न बघता खोलणं

पुली डुलताना दिसली की सगळे फिटिंगला दोष देतात. पण बहुतेक डिझेल गाड्यांची क्रँक पुली हा डॅम्पर, म्हणजे हिसके मऊ करणारा भाग असतो. आत लोखंडी हब, बाहेर जड कडं आणि मधे रबराचा थर. रबर सुटलं की बाहेरचं कडं डुलतं, आवाज करतं आणि बेल्ट खातं, हब मात्र क्रँकवर पक्का असतो. अशा गाडीत फक्त पुली बदलायची असते. क्रँकच्या टोकाला हात लावायचं कारण नाही.

दोन्हींतला फरक पांढऱ्या रंगाच्या पेनने दोन मिनिटांत कळतो. इंजिन बंद असताना एक रेघ बोल्टच्या डोक्यावरून हबवर ओढा. दुसरी रेघ हबवरून रबर ओलांडून बाहेरच्या कड्यावर ओढा. गाडी थोडी चालवा, एसी लावून थांबवा, पुन्हा चालवा. दुसरी रेघ तुटली असेल तर रबर गेलं. पहिली तुटली असेल तर हब किंवा बोल्ट सरकला. झिजलेल्या फिटिंगमध्ये हब थोडा पुढेमागे होऊन पुन्हा जागेवर येतो, तेव्हा रेघ जुळलेलीच दिसते. म्हणून नुसत्या रेघेवर विसंबू नका. इंजिन बंद असताना पुली दोन्ही हातांनी धरून फिरवण्याच्या दिशेने पुढेमागे हिसका द्या आणि बोल्टच्या डोक्याकडे लक्ष ठेवा. बोल्ट स्थिर आणि हब हलतोय, असं दिसलं तर शंका उरत नाही.

आल्टरनेटरची एकदिशा फिरणारी पुली जाम झाली तरी बेल्ट फडफडतो आणि तसाच आवाज येतो. इंजेक्टर ठोकत असला तरी मालक ‘पुढून’च सांगतो. बेल्ट काढून काही सेकंद इंजिन चालवून बघणं हा साधा उपाय आहे, मात्र वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर खरोखरच काही सेकंद, त्याहून जास्त नाही.

टायमिंगचं स्प्रॉकेटही त्याच टोकावर आणि त्याच बोल्टखाली असेल, तर प्रकरण आवाजापुरतं राहत नाही. २८ मिलिमीटर व्यासाच्या टोकावर पाव मिलिमीटर खेळ म्हणजे क्रँकचा जवळपास १ अंश, आणि १ मिलिमीटर म्हणजे ४ अंश. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात यामुळे इंजेक्शन मागे पडतं: सकाळी उशिरा स्टार्ट, पांढरा धूर, चढावर दम नाही. कॉमन रेलमध्ये (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनच्या इंजिनात) क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही म्हणून पी००१६ हा बिघाडाचा कोड येऊ शकतो. तो आला की लोक सेन्सर बदलतात, मग वायरिंग तपासतात. पुलीमागची भुकटी बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि चावी पूर्ण कापली गेली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. डिझेलमध्ये दोघांमधली जागा इतकी कमी असते की तिथे नशिबावर सोडण्यासारखं काही नाही. त्यामुळे टकटक ऐकू येत असताना ‘अजून थोडे दिवस चालवू’ म्हणणाऱ्या मालकाला मी स्पष्ट नाही म्हणतो.

स्टार्टर मारून बोल्ट सोडवणं

लांब पाना बोल्टला लावायचा, चॅसिसला टेकवायचा आणि स्टार्टर मारायचा. हा प्रकार सर्रास चालतो आणि निरोगी इंजिनात बहुतेक वेळा निभावतो. झिजलेल्या फिटिंगवर तो करू नका. बोल्ट सुटतो त्या क्षणी दाब शून्य होतो, आणि क्रँक अजून फिरत असतो. चावी आधीच कापलेली असेल तर स्प्रॉकेट मागे राहतं, क्रँक पुढे जातो, आणि व्हॉल्व्ह वाकायला अर्धी फेरी पुरते. शिवाय डिझेलला स्पार्क लागत नाही. इंधन तोडलेलं नसेल तर इंजिन चालू होऊन पाना कुणाच्या तरी अंगावर येतो.

फ्लायव्हील लॉक करायचं टूल वापरा. टायमिंगच्या खुणा जुळवून धरणारी पिन त्यासाठी नसते. तिच्या आधाराने बोल्ट सोडवला की पिन वाकते किंवा ब्लॉकमधली तिची जागा फुटते, आणि मग टायमिंग जुळवायला काही उरत नाही. पुली निघत नसेल तर पुलरचे पाय बाहेरच्या कड्याला लावू नका, रबर फाटतं. हबला भोकं दिलेली असतात, त्यात बोल्ट घालून ओढा.

बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असावी, आणि इंजिन माउंट सोडायचा असेल तर इंजिनाला खालून आधार हवा, हे सांगायची गरज पडू नये.

डोळ्याने बघून ‘चालेल’ म्हणणं

तुकडे बाहेर आले की ब्रेक क्लीनरने धुऊन ऊन पडतं तिथे घेऊन जा. झिजलेली जागा गडद तपकिरी डागांची, खड्ड्याखड्ड्यांची दिसते. शाबूत जागा राखाडी आणि एकसारखी. डाग कुठे आहेत त्यावरून बरंच कळतं. टोकाच्या बाहेरच्या भागात डाग आहेत आणि आतला भाग स्वच्छ आहे, तर स्प्रॉकेट वाचलं आणि फक्त पुली हलत होती. खांद्यावर, म्हणजे स्प्रॉकेट जिथे टेकतं त्या सपाट कड्यावर डाग असतील तर बातमी वाईट आहे, कारण दाब घ्यायची जागाच खराब झालेली आहे.

मग मायक्रोमीटर. क्रँकच्या टोकावर बाहेर, मधे आणि आत, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोनात अशा दोन मापांची नोंद करा. व्हर्नियरवर या कामाचा भरवसा ठेवू नये. न झिजलेल्या पट्ट्याशी तुलना केली की किती गेलं ते समजतं. पुलीच्या बोअरचंही (मधल्या भोकाचंही) तसंच माप घ्या. नवी पुली हातात असेल तर कोरड्या टोकावर सरकवून हलवून बघा. नव्या पुलीलाही खेळ असेल तर क्रँक झिजला, नुसती पुली बदलून भागणार नाही. चावी क्रँकच्या खाचेत हाताने सहज पडत असेल तर खाच रुंद झाली आहे. ती हलके ठोकूनच बसायला हवी.

शेवटी डायल गेज टोकावर लावून क्रँक हाताने फिरवा. टोक वाकडं असेल तर कुठलीही दुरुस्ती टिकणार नाही, क्रँक बाहेर काढावा लागेल.

पत्रा, पंच आणि वेल्डिंग

या तीन गोष्टींनी जितके क्रँक कायमचे वाया गेलेले मी पाहिले, तितके मूळ झिजेने गेलेले पाहिले नाहीत.

पत्र्याची पट्टी गुंडाळून पुली ठोकून बसवली की हाताला घट्ट लागते, आणि त्या घट्टपणावर विश्वास बसतो. पण पट्टी सगळीकडून सारखी दाबली जात नाही. पुली एका बाजूला सरकते, डुलायला लागते, पट्टी काही दिवसांत चुरगळते आणि तिचे तुकडे टायमिंग बेल्टकडे जातात.

पंचाने टोकावर ठिपके मारून ते ‘जाड’ करण्याचा प्रकार याच जातीचा. प्रत्येक ठिपक्याभोवती लोखंड थोडं वर येतं, त्या टोकदार उंचवट्यांवर पुली बसते. हजारभर हिसक्यांत ते उंचवटे सपाट होतात आणि दाब असेल तो निघून जातो. वर मागे खड्डे उरतात, तिथे पुढे मशीन शॉपवाल्याला अधिक माल काढावा लागतो.

वेल्डिंगचा मोह सगळ्यात मोठा, कारण ते पक्कं वाटतं. पुलीच क्रँकला चार टाके मारून जोडलेली मी पाहिली आहे. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ आली तेव्हा ती ग्राइंडरने कापावी लागली आणि त्यात ऑइल सीलची (तेल बाहेर येऊ न देणाऱ्या कड्याची) जागाही गेली. खाच वेल्डने भरून कानशीने पुन्हा कोरणं थोडं बरं दिसतं, पण आत काय होतं ते बघा. पुष्कळ क्रँकशाफ्ट नोड्युलर कास्ट आयर्नचे (एका प्रकारच्या ओतीव लोखंडाचे) असतात. असा क्रँक आधी नीट तापवून न घेता वेल्ड केला तर वेल्डच्या कडेला काचेसारखा कडक, ठिसूळ थर तयार होतो. खाचेचे कोपरे म्हणजे आधीच ताण साठण्याची जागा, तडा तिथूनच निघतो. फोर्ज्ड स्टीलच्या क्रँकलाही उष्णतेने टोक वाकण्याचा धोका आहेच. आणि क्रँक इंजिनात असताना वेल्डिंग केलं, अर्थची क्लिप ब्लॉकला लावली, तर करंट मेन बेअरिंगमधून जातो. बेअरिंगवर ठिणगीचे बारीक डाग पडतात. पुलीचा आवाज जातो आणि काही महिन्यांनी खालून दुसराच आवाज सुरू होतो.

वेल्ड भरून क्रँक दुरुस्त होऊ शकतो. पण तो क्रँक बाहेर काढून, धातू ओळखून, तापवून, हळू थंड करून, नंतर ग्राइंड करून आणि सरळपणा तपासून. गाडीखाली झोपून करायचं ते काम नाही.

रिटेनिंग कंपाउंडकडून जास्तीची अपेक्षा

पुली आणि टोक यांच्यातली फट भरून घट्ट होणारं रसायन हे उपयोगी आहे, आणि मी ते वापरतो. लॉकटाइट ६३८ पाव मिलिमीटरपर्यंतची फट भरतं, आणि ६६० हे झिजलेल्या भागांसाठीच बनवलेलं असून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जातं. हे आकडे दोन भागांमधल्या फटीचे आहेत. पण कंपनी ‘भरतं’ म्हणते तेवढ्या मर्यादेपर्यंत मी जात नाही. फट दशांश मिलिमीटरच्या आत असेल, खांद्याची सपाट जागा शाबूत असेल आणि खाचेत नवी चावी घट्ट बसत असेल, तरच. यातलं एक जरी नसेल तर मशीन शॉप.

१९९०च्या सुमाराच्या पहिल्या मझदा एमएक्स-५ या पेट्रोल गाडीला हाच आजार होता आणि अशीच दुरुस्ती पुष्कळ मालकांनी केली. कंपनीने पुढच्या इंजिनांत काय केलं ते शिकण्यासारखं आहे: क्रँकचं टोक लांब केलं आणि बोल्ट जाड केला. म्हणजे दाब वाढवला.

या कंपाउंडच्या बाबतीत घात होतो तो स्वच्छतेत. हवा न मिळता धातूच्या संपर्कात ते घट्ट होतं. तेलाचा पुसट थर असला तरी ते धातूला धरत नाही. समोरचं ऑइल सील पाझरत असेल तर आधी ते बदला, नाहीतर सफाई करता करता मागून तेल येतच राहील. सीलच्या ओठाने क्रँकवर रेघ कोरलेली असेल तर पातळ दुरुस्ती स्लीव्ह चढवून मग सील बसवा.

कंपाउंड लावण्यापूर्वी सगळं एकदा कोरडं बसवून बघा. चावी, स्प्रॉकेट, टायमिंगच्या खुणा, बोल्ट किती आत जातो, सगळं. कारण रसायन लावल्यावर हातात मोजकी मिनिटं असतात, आणि अर्ध्यावर धरलेलं स्प्रॉकेट मागे घ्यायला जवळपास २५० अंश तापवावं लागतं. त्या उष्णतेत सील आणि डॅम्परचं रबर दोन्ही जातात. पुढच्या वेळी स्प्रॉकेट निघायला त्रास होणार, हे मालकाला आधी सांगून ठेवा. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली हे रसायन लागू देऊ नका, घर्षण बदलतं आणि टॉर्कचा हिशेब चुकतो. बसवल्यावर पूर्ण घट्ट व्हायला २४ तास द्या. मालक दाराशी उभा आहे म्हणून चार तासांत गाडी देणं, ही चूक मी म्हणेन की सगळ्यात जास्त होते.

रुंद खाचेत घरी बनवलेली चावी

खाच रुंद झाली म्हणून मऊ लोखंडाचा तुकडा कानशीने घासून बसवतात. तो बसतो, पण अर्धचंद्राच्या तळाला टेकत नाही, आणि वर पुलीच्या खाचेत तिरका राहतो. तिरकी चावी म्हणजे टायमिंगही तिरकं.

याचा रीतसर उपाय आहे पायरीची चावी. क्रँकची खाच मिलिंगने सरळ आणि एकसारखी रुंद करून घ्यायची आणि खालून जाड, वरून मूळ मापाची अशी चावी चांगल्या स्टीलमधून बनवून घ्यायची. मधली रेषा मूळ खाचेच्या मधोमध राहिली पाहिजे, नाहीतर दोन-तीन अंशांची चूक कायमची शिवली जाते. टोकच खाल्लं गेलं असेल तर क्रँक काढून टोक खाली उतरवून त्यावर स्लीव्ह दाबून बसवतात आणि मूळ मापाला ग्राइंड करतात. समोरच्या बाजूला, १८० अंशांवर, नवी खाच पाडून घ्यायचं कुणी सुचवलं तर विचार करा: पुलीवर सेन्सरचे दात असतील किंवा स्प्रॉकेटवर खूण असेल तर तीही उलटी होणार. आणि या सगळ्यापेक्षा चांगला वापरलेला क्रँक परवडत असेल, तर तो पर्याय कमीपणाचा नाही.

बोल्ट: सगळ्यात स्वस्त भाग, सगळ्यात जास्त चुका

बोल्टला स्प्रिंग समजा. ४० मिलिमीटर पकडीचा बोल्ट पुरेसा आवळला की साधारण दशांश मिलिमीटर लांबतो, आणि परत आखूड व्हायची त्याची धडपड म्हणजे तो सात-आठ टनांचा दाब. दशांश मिलिमीटर. यातले तीन शतांश जरी कुठे मुरले तरी दाबाचा तिसरा-चौथा हिस्सा गेला.

आता बघा ते कुठे मुरतात. नव्या पुलीच्या टेकणाऱ्या तोंडावर रंग असतो, तो काही दिवसांत दबतो. खाचेच्या कडेला राहिलेला बर (धातूची वर आलेली धार) चेपतो. वॉशर वाटीसारखी वाकलेली असते. जुन्या भुकटीचा पापुद्रा खांद्यावर तसाच राहिलेला असतो. बोल्ट आवळताना टॉर्क रेंच बरोबर ‘टक’ म्हणतो, सगळं ठीक वाटतं, आणि दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये दाब निम्म्यावर येतो. म्हणून टेकणाऱ्या प्रत्येक तोंडावरचा रंग उतरवा, तेलदगडाने बर घासा, बोट फिरवा. बोटाला लागलं तर बोल्टलाही लागणार.

बहुतेक आधुनिक डिझेलमध्ये हा बोल्ट एकदाच ताणायचा असतो. उदाहरणार्थ, फोक्सवॅगनच्या १.९ टीडीआयमध्ये क्रँक स्प्रॉकेटचा बोल्ट १२० न्यूटन मीटर आणि त्यापुढे पाव फेरी, आणि दर वेळी नवा. ती पाव फेरी बोल्टला त्याच्या लवचिकतेच्या टोकापर्यंत नेते. ताणलेला जुना बोल्ट पुन्हा त्याच आकड्याला आवळला की रेंच तोच आकडा दाखवतो, पण खाली दाब तेवढा येत नाही. तुमच्या इंजिनाचा आकडा त्याच्याच मॅन्युअलमधून घ्या. शेजारच्या मॉडेलचा आकडा लावू नका, एकाच इंजिनाच्या दोन वर्षांत बोल्टचं माप बदललेलं असू शकतं.

तेल लावायचं की नाही, हेही मॅन्युअलच सांगतं. पान्यावर लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणण्यात जातो. निम्मा डोक्याखालचं घर्षण खातं, बाकीचा आटे. त्यामुळे कोरड्याच्या आकड्याला तेल लावलं तर बोल्ट गरजेपेक्षा खूप ताणला जातो, आणि तेलाच्या आकड्याला कोरडा आवळला तर दाब कमी पडतो. क्रँकमधलं भोक तळाला बंद असेल तर आत साचलेलं तेल हवेने उडवून टाका. बोल्ट त्या तेलावर दाबला जातो, रेंच वाजतो, आणि पुली सैलच राहते. आट्यांतली जुनी घाण टॅप हलक्या हाताने फिरवून काढा.

इम्पॅक्ट गन सोडवण्यासाठी ठीक आहे. आवळण्यासाठी तिचा भरवसा नाही. दोन गाड्यांवर तीच गन तेवढाच वेळ धरली तरी दाब वेगवेगळा येतो. आणि पुली आत ओढून घ्यायला मूळ बोल्ट वापरू नका. सुरुवातीला त्याचे दोन-तीनच आटे पकडलेले असतात, सगळा भार त्यांच्यावर येतो आणि क्रँकचे आटे उपटतात. लांब स्टड आणि नट वापरा. हातोड्याने ठोकाल तर तो मार क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकतीवर) जातो.

काही इंजिनांत स्प्रॉकेटमागे बारीक कणांचा थर दिलेली पातळ चकती असते. घर्षण वाढवण्यासाठीच ती असते. ‘वॉशरच आहे, राहिली तर राहिली’ म्हणून सोडून दिलेली ही चकती पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते.

दाब कशाने गेला, ते न शोधणं

पहिला प्रश्न मालकाला विचारा: टायमिंग बेल्ट कधी बदलला? झीज त्या कामानंतर काही महिन्यांत सुरू झाली असेल तर जुना बोल्ट परत वापरला गेला किंवा टॉर्कनंतरचा कोन (ती पाव फेरी) दिलाच नाही, अशी दाट शक्यता. तसं नसेल तर हिसके कुठून वाढले ते बघा. एक सिलिंडर नीट पेटत नसेल, इंजेक्टर जास्त डिझेल सोडत असेल, आल्टरनेटरची पुली जाम असेल, किंवा डॅम्परचं रबर भेगाळून गाठीसारखं कडक झालं असेल. कडक रबराचा डॅम्पर नव्या बोल्टखाली परत बसवणं म्हणजे आजार आतच ठेवून पट्टी बांधणं. फिटिंग झिजलं असेल तर मी डॅम्पर नवाच घालतो.

सगळं बसल्यावर स्टार्टर मारू नका. क्रँक पान्याने हाताने, फिरण्याच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. दोन फेऱ्यांनी कॅमची एक होते. खुणा आणि पिना पुन्हा जुळल्या पाहिजेत. मधे कुठे कठीण लागलं तर तिथेच थांबा, जोर लावून पुढे नेऊ नका.

मग बोल्टच्या डोक्यावरून हबवर पांढरी रेघ ओढा, आणि पुलीमागची जागा कापडाने अगदी कोरडी पुसून ठेवा. गाडी ५०० किलोमीटरनंतर परत बोलवा. तेव्हा बोल्टला पाना लावायचा नाही, कोन देऊन ताणलेला बोल्ट पुन्हा आवळला की तो बिघडतो. चाकाच्या आतलं कव्हर काढून टॉर्च मारायची, रेघ बघायची आणि पांढऱ्या कापडाचं टोक पुलीच्या मागून फिरवून बाहेर काढायचं. कापड रस्त्याच्या धुळीने मळलं असेल तर कव्हर लावून गाडी द्या. त्यावर विटकरी छटा दिसली, तर ती कितीही फिकट असो, गाडी त्याच दिवशी पुन्हा खोला.